भिगवणचे फोटो आणि नॉरफोकचं धुकं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डिसेंबरात भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर पहाटे फोटो काढलेत आणि ते कृष्णधवल केलेत. इमर्सन आणि डेव्हिसन या इंग्लंडमधल्या फोटोग्राफरांच्या एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गचित्रांसारखे दिसावेत म्हणून त्यांवर सॉफ्टवेअरमधला ब्लर चढवलात. आता ते 'नुसते हललेले' वाटताहेत, आणि तुम्ही विचारताय की जुनी सॉफ्ट-फोकस लेन्स घ्यावी का.

घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. खिसा रिकामा होईल आणि हललेले फोटो जरा महागात हललेले दिसतील, एवढंच. मी गेली 22 वर्षं गम आणि प्लॅटिनम प्रिंट, म्हणजे फोटो कागदावर छापायच्या दोन जुन्या पद्धती, करते आहे. सुरुवातीला मीही हीच चूक केली होती, म्हणून एवढं ठासून सांगते. त्या लोकांच्या चित्रातला मऊपणा हा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात किरकोळ भाग होता. त्याआधी बरंच काही ठरून गेलेलं असायचं: कॅमेरा कोणत्या वेळी उघडायचा, प्लेटला, म्हणजे त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हला, कोणता रंग दिसतो आणि कोणता नाही, आणि छापायचं कशावर. तुम्ही शेपटाकडून सुरुवात केलीत.

इमर्सनपासूनच धरू, कारण भिगवणशी त्याचं खरंच जुळतं. पीटर हेन्री इमर्सनचा जन्म 1856चा, क्यूबातला. शिकला डॉक्टरकी, पण ती सोडून कॅमेऱ्याच्या मागे लागला. पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोक ब्रॉड्समध्ये, म्हणजे उथळ तळी, वेताची बेटं आणि संथ नद्यांच्या मुलखात, त्याने टी. एफ. गुडॉल या चित्रकाराबरोबर काम केलं. त्यातून 1886मध्ये 40 प्लॅटिनम प्रिंटांचं पुस्तक झालं. ही ब्रॉड्स म्हणजे मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट खणून काढल्यावर उरलेले आणि नंतर पाण्याने भरलेले खड्डे. हे इमर्सनच्या हयातीनंतर सिद्ध झालं. तो बिचारा त्यांना निसर्गच समजत होता. उजनीचं पाणीही माणसाने अडवलेलं. दोन्हीकडे सपाट पाणी, बुटकी झाडी, उभं असं फारसं काही नाही. अशा जागी फोटोला आधार द्यायला डोंगर नसतो, की किल्ला नसतो. असतो तो फक्त उजेड.

त्याचं 'गॅदरिंग वॉटर लिलीज' हे चित्र मोठं करून बघा. होडीत वल्ह्यांवर बसलेला पुरुष, पाण्यातली कमळं खुडायला वाकलेली बाई, मागे वेताची भिंत. ती दोघं आणि होडी नीट स्पष्ट आहेत. मागचा वेत सुटलेला आहे, पण पुसला गेलेला नाही. तो वेत आहे हे कळतं. इमर्सनचं म्हणणं असं की माणसाचा डोळा एका वेळी एकच जागा लख्ख पाहतो आणि बाकीचं जरा सैल पाहतो, तर फोटोनेही तसंच करावं. मुख्य वस्तूवर फोकस, बाकीचं किंचित ढिलं. पण वस्तूची घडणच मोडेल इतकं ढिलं करू नये, हेही त्यानेच बजावून ठेवलंय. लोक ते सोयीस्कर विसरतात. तुमच्या फोटोत होडी, नावाडी, मागची बाभळ आणि आकाश सगळं सारख्याच मापाने ब्लर झालंय. ही इमर्सनची वाट नव्हे. ही डेव्हिसनच्या वाटेची नक्कल, आणि तीही अर्धीच.

डेव्हिसनकडे येते, पण त्याआधी प्लेट. तुमच्या फोटोंचं खरं दुखणं तिथे आहे.

त्या काळातली साधी प्लेट फक्त निळा, जांभळा आणि अतिनील उजेड ओळखायची. हिरवं आणि तांबडं तिच्या लेखी अंधार. फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1873मध्ये शोधून काढलं की प्लेटच्या लेपात योग्य रंजक घातलं तर तिला हिरवाही दिसू लागतो, आणि पुढच्या दशकात तशा ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या. तांबडा मात्र त्यांनाही दिसत नसे. आता धूसर हवेचं बघा. दूरचं झाड आणि आपण यांच्यामध्ये जी हवा असते, ती उजेड विखुरते, आणि निळा सगळ्यात जास्त विखुरते. निळ्यावरच जगणाऱ्या प्लेटला म्हणून ही हवा आपल्या डोळ्यापेक्षा दाट दिसायची. जवळचं हिरवं झुडूप काळंभोर, त्यामागचं राखाडी, त्यामागचं फिकट, आणि पलीकडचा काठ जवळजवळ कागदाच्या रंगाचा. ही पायऱ्यापायऱ्यांची उतरण काही कोणी डार्करूममध्ये रचलेली नाही. ती प्लेटच्या आंधळेपणातून आयती मिळायची. तिची किंमतही होती: निळं आकाश पांढरंफटक पडायचं. म्हणून तर हेन्री पीच रॉबिन्सनसारखे फोटोग्राफर ढगांची वेगळी निगेटिव्ह ठेवून ती वरच्या भागात छापायचे. इमर्सनचा अशा जोडकामावर राग. त्यापेक्षा मळभाचा दिवस निवडावा, मग आकाशाचा प्रश्नच मिटतो.

आता तुमचा डिजिटल कॅमेरा. तो तांबडं, हिरवं, निळं सगळं पाहतो. त्यातून कृष्णधवल करताना सॉफ्टवेअर हिरव्याला सगळ्यात जास्त वजन देतं, निळ्याला सगळ्यात कमी. म्हणजे तुम्ही पहाटे चारला उठून जी धूसरता टिपायला गेलात, तिच्यातली बरीचशी तुम्ही घरी येऊन एका बटणाने उडवलीत! आणि मग जे उरलं नाही ते परत आणायला ब्लर घातलात.

तेव्हा पहिलं काम. मूळ रंगीत फाइल उघडा, कृष्णधवल करताना तांबडा आणि हिरवा शून्यावर आणा आणि फक्त निळी वाहिनी ठेवा. ब्लर अजिबात नको. पलीकडचा काठ मागे सरकेल, बाभूळ काळी होईल, नावाड्याचा चेहरा सावळा आणि जड होईल, कारण कातडीत निळा कमी असतो. थोडे दाणे दिसतील, त्यांची काळजी करू नका. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे पहिल्याच दिवशी करायला लावते, आणि दहातल्या आठांचा लेन्सचा प्रश्न तिथेच संपतो.

आता जॉर्ज डेव्हिसन. त्याचं 'द अनियन फील्ड' हे चित्र पिनहोलचं, म्हणजे लेन्सच नाही, नुसतं भोक. 1890मध्ये ते लंडनच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा त्याचं नाव 'ॲन ओल्ड फार्मस्टेड' होतं. समोर फुलावर आलेल्या कांद्याचं शेत, मागे शेतघरं, वर ढगाळ आकाश. गंमत अशी की हाच माणूस पुढे ब्रिटनमधल्या कोडॅकचा व्यवस्थापकीय संचालक झाला. लोकांना 'बटण दाबा' म्हणून कॅमेरे विकायचे आणि स्वतः भोकातून फोटो काढायचा.

पिनहोलचं गणित जरा समजून घ्या, त्यात मर्म आहे. भोक आणि प्लेट यांत 15 सेंटिमीटर अंतर असेल तर सगळ्यात बरं भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं. त्याहून मोठं केलं तर चित्र पसरतं, त्याहून लहान केलं तर उजेड भोकाच्या कडेला वळून पुन्हा पसरतं. हे झालं साधारण एफ 300, म्हणजे अंतर भोकाच्या व्यासाच्या 300 पट. तुमच्या एफ 8च्या मानाने उजेड सुमारे 1400 पट कमी. म्हणजे एक्स्पोजरचा वेळ लांबणार, वाऱ्याने पातं हलणार, पाणी दुधासारखं होणार. आणि मुख्य म्हणजे जवळचा कांदा आणि लांबचं घर दोन्ही सारखीच मऊ येणार. इमर्सन फोकसने जवळ-दूर वेगळं करत होता, ते साधन डेव्हिसनने स्वतःच टाकून दिलं होतं. मग त्याच्या चित्रात खोली येते कुठून? शेतातल्या गडद हिरव्यावर फुलांचे पांढरे गोंडे, त्यांचे ठिपके मागे जाताना बारीक आणि दाट होत जातात, आणि घरांच्या छपरांचा एकच गडद पट्टा आकाशाला टेकतो. फोकस सारखा असूनही चित्र उभं राहतं, कारण छटांची विभागणी आधीच पक्की आहे. तुमच्या फोटोत होडी आणि बाभूळ एकाच राखाडी रंगाच्या आहेत. त्यांना वेगळं ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कडा. ब्लरने नेमकी तीच खाल्ली.

सॉफ्ट-फोकस लेन्सचं काम आणखी वेगळं असतं, तेही सांगून टाकते. तिच्यात गोलीय दोष, म्हणजे काचेच्या मधून आणि कडेने येणारे किरण एकाच जागी न जुळणं, मुद्दाम ठेवलेला असतो. मधोमध एक स्पष्ट प्रतिमा, आणि तिच्यावर उजळ भागांची हलकी प्रभा. उजेड अंधारात झिरपतो. तेच मऊ करणं निगेटिव्हवरून एन्लार्ज करताना केलं तर उलटं होतं, अंधार उजेडात झिरपतो आणि आकाशाला काजळीची किनार लागते. सॉफ्टवेअरचा साधा ब्लर दोन्हींची सरासरी काढतो, म्हणून तो ना इकडचा ना तिकडचा. अगदीच हवं असेल तर मूळ फोटोवर ब्लर केलेली प्रत ठेवा, तिचा 'लाइटन' मोड निवडा आणि तीव्रता 20 ते 30 टक्क्यांवर आणा. पण हे शेवटी.

आता पोत. पोताबद्दल लिहायला बसले की माझं लांबतं, सांभाळून घ्या.

फोटोत पोत म्हटलं की आपण खोडाची साल, दगड, वाळू यांचा विचार करतो. या लोकांनी पोत वस्तूतून काढला आणि कागदात घातला. प्लॅटिनम कागदाचं पेटंट विल्यम विलिसने 1873मध्ये घेतलं. त्यात चकचकीत थर नसतोच. धातूचे कण थेट कागदाच्या तंतूंमध्ये बसतात. त्यातला काळा खरं तर फिकाच. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण 4 टक्के परत येतो, तर चकचकीत सिल्व्हर कागदाच्या काळ्यातून 1 टक्काही येत नाही. कागदावर हे आकडे प्लॅटिनमच्या विरुद्ध जातात. हातात घेतल्यावर मात्र तो काळा मखमलीसारखा लागतो, आणि पांढऱ्याच्या जवळच्या छटा इतक्या सावकाश उतरतात की धुक्याच्या आत धुकं दिसतं. धुक्याच्या चित्राला काळ्याची खोली लागतच नाही, लागते ती वरच्या टोकाची नजाकत. इमर्सनने प्लॅटिनमचा आग्रह धरला तो यासाठी.

गमचं याच्या उलट. पॅरिसच्या रोबेर डेमाशी या फोटोग्राफरने 1894च्या सुमारास ही जुनी पद्धत पुन्हा उचलली. डिंकाचं पाणी, जलरंग आणि बायक्रोमेट (उजेडात डिंक घट्ट करणारं रसायन) एकत्र करून कागदावर ब्रशने लावायचं, अंधारात वाळवायचं, वर चित्राच्याच आकाराची निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. जिथे ऊन लागतं तिथला डिंक घट्ट होतो, बाकीचा पाण्यात सुटतो.

काल संध्याकाळचंच सांगते. ट्रेमध्ये साध्या पाण्यावर कागद पालथा सोडला. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग कडेने काळसर तपकिरी धागा सुटला, चहात दूध मुरतं तसा हलत खाली गेला. वीस मिनिटांनी कागद उलटला तर आकाश मोकळं झालं होतं, पण पाण्यातलं झाडाचं प्रतिबिंब अजून मातीच्या गोळ्यासारखं. ट्रे एका बाजूने उचलून पाण्याची हलकी लाट त्याच्यावरून नेली, तीनदा, चारदा. प्रतिबिंबात फांदी उघडली. पाचव्यांदा नेली तेव्हा फांदीच गेली. डेमाशी अशा जागी ओला ब्रश घेऊन हवं ते ठेवायचा, नको ते पुसायचा. त्यावरून त्या काळी केवढे वाद! मला तो ब्रश जमत नाही. हात शिवशिवतो आणि मग सगळंच गोड होऊन बसतं. पाण्याला जे न्यायचं ते नेऊ दे.

गमच्या एका थरात छटा फार थोड्या मावतात, कारण डिंक वरून खाली घट्ट होत जातो आणि फिकट छटांची पातळ साय कागद न धरताच वाहून जाते. व्हिएन्नाच्या फोटोग्राफरांच्या कंपूने, म्हणजे हाइनरिश क्यून, हान्स वात्सेक आणि ह्यूगो हेनेबेर्ग यांनी, याला उपाय म्हणून थरांवर थर छापले: एक गडद छटांसाठी, एक मधल्यांसाठी, एक फिकटांसाठी. तिघं मिळून चित्रांवर तिपानी खूण टाकायचे. या थरांमुळे त्यांच्या शेतांना आणि झाडांच्या रांगांना एक वजन आलं, जे एका थरात येत नाही. पण त्यासाठी कागद आधी गरम पाण्यात भिजवून आकसवून घ्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्या थराला तो आखडतो आणि प्रत्येक झाडाला जुळं भावंड होतं. मग जिलेटिनची खळ, नाहीतर रंग तंतूंत शिरून पांढरं म्हणून काही उरत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात हे करू नका. एका जुलैमध्ये मी रात्री सहा कागद लेप लावून ठेवले, सकाळी ऊन पडलं की छापू म्हणून. दमट हवेत बायक्रोमेट अंधारातही काम करत राहतं. सकाळी सहाही कागद पाण्यात टाकले आणि दुपारपर्यंत एकाचाही रंग हलला नाही. सहा चौकोनी तपकिरी लाद्या! आणि बायक्रोमेट विषारी आहे, कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका, उरलेलं मोरीत ओतू नका.

रचनेबद्दल थोडक्यात, कारण वरचं सगळं जमलं तर रचना बरीचशी सुटलेली असते. डोळे बारीक करून फोटोकडे बघा आणि गडद, मधले, फिकट असे किती तुकडे दिसतात ते मोजा. तुमच्या तिसऱ्या फोटोत मी अकरापर्यंत मोजले आणि सोडून दिलं. अमेरिकन फोटोग्राफर स्टायकेनच्या 1904च्या 'द पाँड – मूनलाइट'मध्ये पाण्याचा गडद पट्टा, झाडांचा गडद पट्टा, खोडांमधून फटीसारखा चंद्राचा उजेड आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब. एवढंच. अमेरिकेत आर्थर वेस्ली डो हा चित्रकार हेच शिकवत होता. त्याचं 1899चं रचनेवरचं पुस्तक जपानी चित्रांतून उचललेल्या 'नोतान' या कल्पनेवर उभं आहे: गडद आणि फिकट यांची वाटणी सुंदर असली पाहिजे, वस्तू कोणती हे मग बघू. आल्व्हिन लँगडन कोबर्न हा फोटोग्राफर त्याच्याकडे शिकला होता. शिवाय हे लोक छापताना बेधडक कापायचे. अमेरिकन फोटोग्राफर स्टीग्लिट्झ 'विंटर, फिफ्थ ॲव्हेन्यू'साठी 22 फेब्रुवारी 1893ला न्यूयॉर्कच्या हिमवादळात तीन तास उभा राहिला, आणि नंतर त्या निगेटिव्हचा काही भागच वापरला. आपण मात्र 45 मेगापिक्सेलचा कोपरा कापायचा म्हटलं की जीव खालीवर करतो.

इमर्सनचा शेवट मला फार आवडतो. 1890मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोन संशोधकांनी मोजून दाखवलं की डेव्हलपिंगमध्ये छटांचं आपसांतलं नातं मनासारखं बदलता येत नाही. इमर्सनला वाटलं, संपलं, मग फोटोग्राफी ही कलाच नाही. त्याने काळी चौकट छापलेली पत्रिका काढून स्वतःच्या मताचं सुतक जाहीर केलं. आणि त्याच सुमारास एका शिडाच्या मालवाहू बोटीत बिऱ्हाड करून तो वर्षभर ब्रॉड्सवर फिरत होता. त्यातून 1895मध्ये 'मार्श लीव्हज' आलं: 16 लहान फोटोग्राव्यूर, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून शाईने छापलेले फोटो. बर्फ, धुकं, पाण्यातून वर आलेल्या चार काड्या, क्षितिजाला टेकलेला एखादा ठिपका. कला नाही म्हणून सांगितल्यावर काढलेली ही चित्रं त्याच्या आधीच्या सगळ्यांपेक्षा मोकळी आहेत. मला तर वाटतं, सिद्ध करायचं काही उरलं नाही म्हणूनच.

तर तुमच्या तिसऱ्या फोटोचं काय करायचं. निळी वाहिनी घ्या. उजवीकडची बाभूळ आणि तिच्याखालच्या दोन रिकाम्या होड्या कापून टाका. वरचं आकाश निम्मं करा. राहील तो नावाडी, त्याच्या बांबूची तिरकी रेघ आणि पलीकडचा फिकट काठ. सावल्या ओढून पार काळ्या करू नका, गडद राखाडीवर थांबवा, आणि चकचकीत फोटोपेपरऐवजी सुती मॅट कागदावर पोस्टकार्डाच्या दुप्पट आकारात छापून घ्या, त्याहून मोठं नको. भिंतीवर लावून दोन दिवस जातायेता बघा. तरीही काठ पुढे आलेला वाटला तर पुन्हा भिगवणला जा, पण सूर्य वर यायच्या अर्धा तास आधी पाण्यावर असा. तुमच्या फोटोंवर सव्वाआठची वेळ दिसतेय. डिसेंबरात तोवर धुकं उठलेलं असतं आणि नावाडी चहाला परतलेला असतो.